लाथेला रकाना नाही

नाशिक जिल्ह्यातल्या न्हाणीघरांची एकदा सरकारी चौकशी लावायला हवी. पंचवटीतली असोत, सातपूरच्या कामगार वस्तीतली असोत, नाहीतर पेठ-सुरगाण्याकडची कुडाच्या आडोशाची असोत, या न्हाणीघरांत गरोदर बायका फार घसरतात. आणि पडतात त्याही नेमक्या अशा, की दंडावर चार बोटं उमटतात. डाव्या गालावर पडतात. गळ्यावर पडतात. काही तर अशा पडतात की बेंबीच्या बाजूला चपलेच्या टाचेएवढा निळा डाग उठतो. मग केसपेपरवर 'हिस्टरी ऑफ फॉल' असे तीन शब्द लिहिले जातात, खाली सही होते आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं जातं. फरशी दोषी ठरते, माणूस सुटतो.

मी आरोग्य सेविका होते. आधी आदिवासी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, शेवटची वर्षं शहरातल्या एका प्रसूतिगृहात. गावानं नर्सबाई म्हटलं, शहरानं सिस्टर. म्हणून एक गोष्ट मला कुणी ऐकवू नये, की 'कर्मचाऱ्यांच्या लक्षात येत नाही हो.' लक्षात येतं. साडी बाजूला सारून आम्ही गर्भाशयाची उंची बघतो, बाळाचं डोकं चाचपतो, ठोके ऐकतो, घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहतो. लग्न झालेल्या लेकीचं उघडं पोट तिची आई बघत नाही, ते आम्ही नऊ महिन्यांत निदान चारदा बघतो. बोटांचे वळ दिसू नयेत इतका अंधार कुठल्याच तपासणीच्या खोलीत नसतो. दिसतं, कळतं, आणि मग न दिसल्यासारखं केलं जातं. हे न दिसणं अंगी बाणवायला आमचं खातंच शिकवतं, आणि फार चांगलं शिकवतं.

खातं काय काय मोजतं ते बघा. माता बाल संरक्षण कार्डावर वजन आहे, उंची आहे, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, रक्तगट, धनुर्वाताची इंजेक्शनं आहेत. लोहाच्या १८० गोळ्या आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या दिल्या का, याचा हिशेब आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, २०१६ पासून. त्यात जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. रक्त सात ग्रॅमच्या खाली गेलं, लाल. आधीचं सिझेरियन आहे, लाल. बाई बुटकी आहे, तरी लाल. आणि नवरा लाथ घालतो त्याला? त्याला कोणताच रंग नाही. तिच्या कार्डावर हिरवा लागतो. सगळं उत्तम.

हे भावनेचं बोलणं नाही, बाळंतपणाच्या शास्त्राचं आहे. पोटावर मार बसला तर वार वेळेआधी सुटू शकते, आणि वार सुटली की आई आणि बाळ दोघांचा जीव घड्याळावर असतो. मारहाण सोसणाऱ्या बाईत गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं मूल, बाळंतपणानंतरचं नैराश्य यांचं प्रमाण जास्त असतं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. भीतीत राहणारी बाई तपासणीला उशिरा येते, गोळ्या घ्यायच्या राहून जातात, पोटभर जेवणही होत नाही. मग आम्ही तिला झापतो: 'गोळ्या का खाल्ल्या नाहीत गं? रक्त का वाढत नाही तुझं?' रक्त का वाढत नाही याचं उत्तर बाहेरच्या बाकड्यावर मोबाईल बघत बसलेलं असतं. त्याला विचारायची आमची छाती नसते, म्हणून तिला ओरडायचं.

आता सरकारची हुशारी बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशात ३.१ टक्के बायकांनी गरोदरपणात मार बसल्याचं सांगितलं. आकडा लहान वाटतो ना? ज्या बायका दारात आलेल्या अनोळखी पोरीला हे सांगायला धजल्या, तेवढ्यांचाच तो आहे. पण मला त्याहून मोठी गंमत वाटते ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची. या सर्वेक्षणात हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही ती एकटी असेल तरच. एकांत मिळाला नाही तर प्रश्न गाळतात. म्हणजे बाईला असं कसं विचारायचं, हे सरकारला नीट ठाऊक आहे. आकडा हवा असला की त्याला एकांत सुचतो. बाई वाचवायची असली की त्याच सरकारच्या दवाखान्यात सासू टेबलाला खेटून उभी असते आणि डॉक्टर तिच्यादेखत विचारतात, 'काय, घरी सगळं बरंय ना?'

बरं, कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा अधिनियम २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या नियमांतला सतरावा नियम दवाखान्यांसाठीच लिहिला आहे. आधी कुठे तक्रार नोंदवली नाही म्हणून बाईला उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल, तर दवाखान्याच्या प्रमुखानं नमुना १ भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. कायद्याचं चौथं कलम तर कुणालाही मोकळीक देतं: हिंसा होत असल्याचा विश्वास वाटला तर कोणीही कळवावं, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. गेली वीस वर्षं हा कागद तसाच पडून आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, 'नमुना १ दाखवता का?' लसीकरणाचा नमुना काढून देतील. मोतीबिंदूचा देतील. कुत्रा चावल्याचं रजिस्टर तर ठळक अक्षरात लिहिलेलं मिळेल. माणसानं बाईला चावल्याचा कागद कुठे ठेवलाय हे शिपायापासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत कुणाला सांगता येणार नाही.

कागद नसला तरी एक गोष्ट भरपूर असते: समजूत. वळ दिसले की आमच्यातली वयानं मोठी सिस्टर पुढे होते आणि सुरू करते. 'अगं, जरा सांभाळून घ्यावं. पुरुषाची जात रागीट असते. उलट बोलत असशील. बाळ झालं की सुधारेल.' बाळ झालं की सुधारेल! जणू मूल म्हणजे बापाला द्यायचं औषध. मूल झाल्यावर घरात रात्रीचं रडणं येतं, खर्च येतो, बाई त्याच्या दिमतीला उरत नाही. सुधारायचं कारण एकही वाढत नाही, मारायची निमित्तं तेवढी वाढतात. आणि मुलगी झाली, तीही तिसरी, तर त्या घरात पुढं काय होतं ते मी लिहायला नको. दुसरी ठरलेली ओळ, 'दारूत असतो तेव्हाच मारतो.' दारू चढल्यावर त्याला मुकादम ओळखू येतो, सावकार ओळखू येतो, पोलीस तर लांबून ओळखू येतो. पोटुशी बायको तेवढी ओळखू येत नाही?

हा समजुतीचा धंदा करणाऱ्यांनी आधी आपल्या प्रसूतिकक्षाकडे बघावं. कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारणं, 'तेव्हा लाज वाटली नाही का' असं तिला ऐकवणं, ओरडली म्हणून दम देणं, हे आपल्या खात्यात इतकं मुरलेलं आहे की नव्या पोरी ते बघून शिकतात आणि पहिल्या वर्षातच हात उचलायला लागतात. सरकारनं २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम काढला, त्यात सन्मानानं बाळंतपण करा असं लिहिलं, भिंतीवर बोर्ड लागले. बोर्डाखाली चापटी चालूच राहिल्या. ज्या बाईला नवरा घरात मारतो आणि नर्स टेबलावर मारते, तिनं नवऱ्याची तक्रार नर्सकडे करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? बायका बोलत नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्या प्रत्येक सिस्टरनं आधी स्वतःचा हात खाली घ्यावा. विश्वास तिथून सुरू होतो. तो पोस्टरनं येत नाही.

एवढं बोलल्यावर आता सगळा भार नर्सच्या डोक्यावर टाकून मोकळं होणारे पुढे येतील. त्यांना सांगते, इथं फुकटचं समाजकार्य कुणाच्या गळ्यात मारू नका. आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे ३००० लोकसंख्या, सपाटीला ५०००, हे कागदावर. लसीकरण, कुटुंब नियोजन, साथरोग, ऑनलाइन नोंदी, बैठका, सगळं तिच्या अंगावर. आशाताईची गत तिच्याहून वाईट. तिला सरकार स्वयंसेविका म्हणतं, म्हणजे काम नोकरीचं आणि मोबदला उपकाराचा. मानधन वाढवून घेण्यासाठी २०२४ च्या सुरुवातीला या बायकांना आझाद मैदानावर बसावं लागलं. आणि ती राहते कुठे? त्याच गावात. मारणारा तिचा चुलत दीर असतो, नाहीतर सरपंचाचा पुतण्या. उपकेंद्राच्या क्वार्टरला धड कडी नसते. सकाळी एखाद्या बाईची बाजू घेतली की संध्याकाळी दारात दहा माणसं. 'आमच्या घरात भांडण लावतेस काय?' अशा वेळी वरचे साहेब फोन उचलत नाहीत. उचलला तर म्हणतात, 'मॅडम, घरगुती मामल्यात कशाला पडता?' आशांसाठी महिलांवरच्या हिंसेविरुद्ध काय करायचं याची एक सरकारी पुस्तिकासुद्धा आहे. ती काढणाऱ्यांचं कौतुकच. पण पुस्तिका हातात देऊन पाठीशी कुणीच उभं न करणं म्हणजे पोहायचं पुस्तक देऊन गोदेच्या पुरात ढकलणं.

म्हणून माझं भांडण एकट्या नर्सशी नाही. नर्सला एकटं ठेवणाऱ्या व्यवस्थेशी आहे. आणि त्या व्यवस्थेच्या पळवाटा मला पाठ आहेत.

पहिली पळवाट, 'वेळ नाही.' लघवी तपासायला वेळ आहे, वजन करायला आहे, लाभार्थ्याचा फोटो अपलोड करायला आहे. दोन वाक्यं विचारायला नाही.

दुसरी, 'एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी लागेल.' इथं खरी भीती आहे. एमएलसी म्हटलं की पोलीस, पोलीस म्हटलं की कोर्ट, कोर्ट म्हटलं की निवृत्तीनंतरही समन्स. म्हणून डॉक्टर 'पडली' असं लिहितात. आणि बाईला दरडावून विचारतात, 'बोल, पोलीस केस करायची का?' ती घाबरून नाही म्हणते आणि सगळ्यांची सुटका होते. अरे, पोलिसांत जायचं की नाही हे तिला ठरवू द्या. पण तिनं काय सांगितलं आणि तुम्हाला काय दिसलं, जखम कुठे, केवढी, कोणत्या रंगाची, हे केसपेपरवर खरं लिहायला काय जातं? तीन वर्षांनी ती न्यायालयात उभी राहील तेव्हा तो एकच कागद तिच्या बाजूनं बोलेल. तुम्ही तिथं 'घसरून पडली' लिहून ठेवलंत तर तुम्ही आरोपीचे साक्षीदार झालात.

तिसरी, शहरी आणि शिकलेल्यांची लाडकी: 'या कायद्यांचा फार गैरवापर होतो.' कॉलेज रोडवरच्या कट्ट्यापासून व्हॉट्सअॅपच्या गटांपर्यंत हे ऐकू येतं. सासरच्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं कलम ८५, हा फौजदारी मामला झाला. २००५ चा कायदा मुळात दिवाणी मदतीचा आहे. त्यात बाई मागते काय? मारणं थांबवा. राहत्या घरातून हाकलू नका. खर्चाला पैसे द्या. घर तिच्या नावावर नसलं तरी त्यात राहायचा हक्क तिला सतराव्या कलमानं दिला आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश मोडला तरच तुरुंगाची गोष्ट येते. सहाव्या महिन्यातल्या बाईनं रात्री डोक्यावर छप्पर मागितलं, हा यांच्या लेखी गैरवापर.

चौथी, 'विचारून उपयोग काय, ती परत त्याच घरी जाणार.' जाईल. बहुतेक जातातच. पण जाताना तिला दोन गोष्टी ठाऊक झालेल्या असतील: हे माझं नशीब नाही, गुन्हा आहे, आणि अमुक दवाखान्यात अमुक बाई माझ्यावर विश्वास ठेवते. कितीतरी बायका पहिल्यांदा सांगतात आणि वर्षा-दोन वर्षांनी निघतात. पहिल्या वेळी तुम्ही तोंड फिरवलंत, तर ती दुसऱ्या वेळी येत नाही.

विचारायचं कसं, तेही सांगते, कारण 'प्रशिक्षण नाही' ही पाचवी पळवाट मला शिल्लक ठेवायची नाही. सोबत आलेल्यांना बाहेर बसवायचं. कारण देत बसू नका, 'आतली तपासणी आहे' एवढं पुरतं. नवरा अडून बसला तर लघवीची बाटली बाईच्या हातात द्या आणि 'कशी भरायची दाखवते' म्हणत तिच्याबरोबर जा. तिथं सासू येत नाही. मग सरळ विचारा: 'ताई, पोटुशी असताना पुष्कळ बायांना घरी मार बसतो. आम्ही सगळ्यांनाच विचारतो. तुमच्याकडं कसंय?' 'तुला मारतो का गं?' असं अंगावर जाऊन विचारलं की ती नाही म्हणणार. सगळ्यांना विचारतात म्हटलं की तिची मान खाली जाते आणि ती बोलते. बोलली नाही तरी बिघडत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. बोलली तर उपदेश नको. 'का राहतेस त्याच्याकडं' हा प्रश्न तर मुळीच नको. ऐका. 'यात तुमची चूक नाही' हे तिला मोठ्यानं सांगा, कारण हे वाक्य तिला आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं. मग धोका जोखा. गळा दाबला का? मारून टाकीन म्हणाला का? दिवस गेल्यापासून मार वाढला का? जीव द्यावासा वाटतो का? यातल्या एकालाही हो आलं तर तिला तशीच घरी पाठवायची नाही. नाहीतर एवढं तरी ठरवून द्या, की रात्री निघावं लागलं तर कोणत्या घरी जायचं. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि तपासणीचं कार्ड कुठल्या डब्यात ठेवायचं. १८१ आणि ११२ हे नंबर पाठ आहेत का. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये जगभरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितलं ते याहून फार वेगळं नाही: ऐका, गरज विचारा, विश्वास ठेवा, सुरक्षितता बघा, मदतीशी जोडून द्या. याला पदवी लागत नाही. दार लावता येणारी एक खोली लागते.

हे कुठं झालेलं नाही असंही नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. सरकारी रुग्णालयाच्या आत, ओपीडीच्या गर्दीत, समुपदेशकाची खोली. नर्स आणि डॉक्टर बाईला हेरतात, तिथं नेऊन सोडतात. बाई 'दवाखान्यात जाते' सांगून घरातून निघू शकते, पोलीस ठाण्यात जाते सांगून निघू शकत नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर ते केंद्र उभं राहिलं आणि पुढे मुंबईच्या आणखी पालिका रुग्णालयांत गेलं. केरळनं 'भूमिका' नावानं जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं काढली. इंग्लंडमध्ये गरोदर बाईची नावनोंदणी करताना तिला एकटीला भेटून घरातल्या हिंसेबद्दल विचारावं, असं तिथल्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे, आणि ते विचारते ती मिडवाइफ. आपल्याकडे 'सखी' केंद्रं आहेत, पण बाईनं तिथवर पोचायचं कसं? सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकला यायचं म्हणजे दिवस मोडतो, भाडं लागतं, घरी कारण सांगावं लागतं. ती आधीच जिथं येते, तिथं मदत ठेवा.

आणि नाशिकनं तर या बाबतीत अडाणीपणाचं सोंग आणूच नये. म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभं आहे, स्थापना १९९८ ची. राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या पोरींचा अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी सगळं इथून हलतं. एमबीबीएसच्या शिक्षणात लिंगभावाची जाण आणायचं काम 'सेहत', वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि या विद्यापीठानं मिळून केलेलं आहे. म्हणजे विद्यापीठाला विषय कळतो. मग तो परिचर्येच्या परीक्षेत, प्रत्यक्ष परीक्षेच्या टेबलावर का येऊ नये? गर्भाशयाची उंची मोजून दाखव, तसंच सासूला बाहेर बसवून दाखव, प्रश्न विचारून दाखव, नमुना १ भरून दाखव. यावर नापास करायला लागा, बघा कशा शिकतात. गुण असले की आपल्याकडे सगळ्यांना सगळं जमतं.

आपल्या समाजाला हे कधी कळतच नव्हतं असंही मी मानत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत कशासाठी आली असेल? सातव्या महिन्यात पोरीला घेऊन यायचं, सव्वा महिना होईस्तोवर पाठवायचं नाही. तिला खायला मिळावं, झोप मिळावी, हे खरंच. पण नवऱ्याच्या आणि सासूच्या हाताबाहेर चार महिने तरी सुरक्षित राहावी, हेही त्यात आलंच. उघड न बोलता आयांनी लेकींसाठी शोधलेली ती पळवाट होती. अडचण एवढीच, की ती पहिल्या खेपेपुरती, आणि ज्यांचं माहेर धड आहे त्यांच्यापुरती. पहिल्या सहा महिन्यांना ती लागू नाही. दुसऱ्या बाळंतपणाला नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईला नाही. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून जिला माहेर तुटलं, तिला नाही. शहरात आता डोहाळजेवणं काय थाटात होतात! फुलांचे दागिने, झोपाळा, फोटोग्राफर, हॉलचं भाडं हजारात. पाहुणे गेल्यावर त्याच फुलांच्या बाजूबंदाखाली काय असतं, ते सकाळी आम्हाला दिसतं.

आणि हो, मार म्हणजे फक्त हात-पाय नव्हे. दिवस राहावेत की नाही हेही तोच ठरवतो. गर्भपातासाठी कायद्याला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. तरी आमच्याकडे खिडकीवर विचारतात, 'मिस्टर आलेत का? सही लागेल.' कोणत्या कायद्यानं लागेल? ज्या माणसाच्या जबरदस्तीतून दिवस गेले, त्याचीच परवानगी आणायला बाईला परत पाठवणं ही सरकारी खर्चानं केलेली हिंसा आहे. बायका यातूनही वाट काढतात. दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन काहींना आवडतं, कारण ते घरात दिसत नाही, गोळ्यांसारखं सापडत नाही. का आवडतं हे नर्सला माहीत असतं. आपल्या गावात कोणत्या घरात काय चाललंय याचा सगळ्यात खरा नकाशा तिच्या डोक्यात असतो, आणि तोच नकाशा खातं कधी मागत नाही.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत, म्हणूनच त्या मान्य न होणं लाजिरवाणं आहे. जिल्हा परिषद, महापालिका आणि जिल्हा रुग्णालय यांनी प्रत्येक गरोदर बाईला निदान एकदा एकटीला तपासायचा लेखी आदेश काढावा, म्हणजे सासूला बाहेर बसवणं हा नर्सचा उद्धटपणा ठरणार नाही, नियम ठरेल. तिनं सांगितलेलं केंद्राच्या बंद कपाटातल्या रजिस्टरात लिहावं. कार्डावर मुळीच लिहू नये, कारण कार्ड घरी जातं आणि घरी ते कोण वाचतं हे सांगायला नको. प्रत्येक आरोग्य केंद्रात नमुना १ चे कोरे कागद असावेत आणि भिंतीवर संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि चालू फोन असावा. चालू, हे मुद्दाम म्हणते. जिल्हा रुग्णालयात आणि मालेगावसारख्या मोठ्या ठिकाणी रात्रीसुद्धा असणारी समुपदेशक हवी, आणि धोका असलेल्या बाईला 'निरीक्षणासाठी' दोन दिवस दाखल करून घ्यायची मुभा हवी. बाजू घेतल्याबद्दल त्रास झालेल्या नर्सच्या आणि आशाच्या मागे तालुका आरोग्य अधिकारी स्वतः उभा राहावा. आणि दर महिन्याच्या आढावा बैठकीत लोहाच्या गोळ्यांबरोबर हेही विचारावं: किती जणींना एकटीला विचारलं, किती जणींना पुढे जोडून दिलं?

२०२७ च्या सिंहस्थासाठी या शहरात रस्ते रुंद होतायत, घाट होतायत, कोटींचे आराखडे होतायत. होऊ देत. मी जे मागते आहे त्याला नवा कायदा लागत नाही, घाट लागत नाही, निधीची वाट बघावी लागत नाही. आदेश, खोली, कागद आणि फोन उचलणारा अधिकारी, एवढंच लागतं. ते होत नाही तोवर 'कारण: रक्तस्राव' एवढंच लिहून थांबणारा मातामृत्यूचा प्रत्येक अहवाल अर्धा आहे, आणि त्यावर सही करणाऱ्याला ते ठाऊक आहे.

आणि सिस्टर, वरून आदेश येईल तेव्हा येईल. पुढच्या ९ तारखेला सासूला बाहेर बसवा, दार लोटून घ्या आणि विचारा.